फर्नांडिस कोणाचा मुलगा?

वसईत पापडीहून होळीकडे जाताना किंवा मडगावच्या बाजारात हिंडताना दुकानांच्या पाट्या वाचायची खोड असेल, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोन्साल्विस, अल्वारिस, लोपीस, मेंडिस, नुनीस, डायस. बेकरीवाला असो, शिंपी असो की वकील, आडनावाच्या शेपटीला तोच एक ‘स’. देशमुख आणि पाटील हुद्द्यावरून आले, चिपळूणकर आणि सातारकर गावावरून आले, हे आपल्याला ठाऊक असतं. मग हा ‘स’ कुठून आला?

बापाकडून आला. पोर्तुगीजमध्ये ‘एस’ आणि स्पॅनिशमध्ये ‘एझ’ हे शेपूट नावाला लावलं की अर्थ होतो ‘अमक्याचं अपत्य’. फर्नांदोचा तो फर्नांडिस, रोद्रिगोचा रॉड्रिग्ज, गोन्सालोचा गोन्साल्विस, लोपोचा लोपीस, दियोगोचा डायस. सगळीच आडनावं अशी नाहीत. परेरा म्हणजे नासपतीचं झाड, सिल्वा म्हणजे रान, डिसोझा म्हणजे सोझा या ठिकाणचा. पण ‘स’वाल्यांची गोष्ट बापापाशी सुरू होते.

एवढी किल्ली हाती आली की एक जुनं, गंजलेलं कुलूप उघडता येतं. मध्ययुगातल्या इबेरियाचा, म्हणजे आजच्या स्पेन आणि पोर्तुगालच्या द्वीपकल्पाचा इतिहास वाचायला घेतला, तर दहाव्या पानावर माणूस पुस्तक मिटतो. सगळेच सांचो, सगळेच आल्फोन्सो, गार्सिया आणि फर्नांदो. राण्यांपैकी निम्म्या जणी उर्राका. कोण कोणाचा काका आणि कोण कोणाचा खुनी, याचा पत्ता लागत नाही. लागतो, पण त्यासाठी नावं मराठी माणसाच्या सवयीनं वाचावी लागतात.

## बाळाजी, बाजीराव, पुन्हा बाळाजी

पेशव्यांची नावं आठवा. बाळाजी विश्वनाथ, त्यांचा मुलगा बाजीराव बल्लाळ, त्याचा मुलगा बाळाजी बाजीराव. ‘बल्लाळ’ म्हणजे बाळाजींचा. दुसरं नाव बापाचं असतं आणि नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

पिरिनीज पर्वताच्या पायथ्याशी पँप्लोनाचं छोटं राज्य होतं. पुढे त्यालाच नवार म्हणू लागले. दहाव्या-अकराव्या शतकांतले तिथले बापामागून मुलगा असे सहा राजे पाहा: सांचो गार्सेस, गार्सिया सांचेझ, सांचो गार्सेस, गार्सिया सांचेझ, सांचो गार्सेस, गार्सिया सांचेझ. परक्याला वाटेल, छापखान्याची चूक झाली. आपल्याला मात्र सहा पिढ्या सरळ दिसतात: गार्सियाचा सांचो, सांचोचा गार्सिया, आजोबांचं नाव नातवाला.

बायकांचंही तसंच. लग्नानंतर बाईचं नाव बदलत नसे. ती मरेपर्यंत बापाचीच मुलगी राही. स्पेनचा लाडका वीर एल सिद (हा शब्द अरबी, आपल्याकडच्या ‘सय्यद’चाच भाऊ, अर्थ ‘धनी’) याचं खरं नाव रोद्रिगो दियाझ. बायकोचं नाव हिमेना दियाझ. म्हणून ती त्याची बहीण नव्हे, की तिनं नवऱ्याचं आडनावही घेतलेलं नव्हतं. दोघांच्या बापांचं नाव दियेगो होतं, इतकंच. आणि त्यांच्या मुली? दियाझ नाहीत, रोद्रिगेझ. म्हणजे ही आडनावंच नव्हेत. आडनाव पिढ्यान्पिढ्या टिकतं; हे शेपूट दर पिढीला गळून पडायचं आणि नवं उगवायचं.

> चौकट: नावावरून नातं कसं वाचावं
>
> नवारचा राजा गार्सिया रामिरेझ ११३४ मध्ये गादीवर आला. नाव सांगतं, बाप रामिरो. हा बाप रामिरो सांचेझ, म्हणजे आजोबा सांचो. आजोबा सांचो गार्सेस, म्हणजे पणजोबा गार्सिया. हा पणजोबा म्हणजेच वर मोजलेल्या सहांतला शेवटचा राजा. आजोबा अनौरस, म्हणून गादी मधल्या दोन पिढ्यांना चुकली. गार्सिया रामिरेझची आई क्रिस्तिना रोद्रिगेझ, म्हणजे रोद्रिगोची मुलगी. आणि हा रोद्रिगो म्हणजे एल सिद.
>
> राजांना लावलेले आकडे मात्र फसवतात. कॅस्टीलचा आठवा आल्फोन्सो आणि लिऑनचा नववा आल्फोन्सो हे बाप-लेक नाहीत. दोघे चुलत भाऊ, एकाच काळात शेजारच्या राज्यांवर बसलेले. इतिहासकारांनी दोन्ही गाद्यांची मोजदाद एकाच वहीत केली, म्हणून एक आठवा ठरला आणि दुसरा नववा.

## कोर्दोब्यातला भाचा

नात्यांची ही जाळी धर्माच्या सीमेपाशी थांबत नव्हती. त्या काळी द्वीपकल्पाच्या दक्षिणेत मुस्लिम सत्ता होती, राजधानी कोर्दोबा. उत्तरेच्या चिंचोळ्या पट्टीत ख्रिस्ती राज्यं. शाळेच्या पुस्तकात दोघांमध्ये सातशे वर्षांचं अखंड युद्ध असतं. प्रत्यक्षात लढायांइतकीच पाहुणचाराची ये-जा होती.

पँप्लोनाचा राजा फोर्तुन गार्सेस बरीच वर्षं कोर्दोब्यात ओलीस होता. त्याची मुलगी ओनेका तिथल्या अब्दुल्ला या राजपुत्राला दिली गेली. तो पुढे अमीर झाला. ओनेकाचं दुसरं लग्न मायदेशी अझ्नार नावाच्या सरदाराशी झालं. दहाव्या शतकाच्या अखेरीला लिहिलेल्या रोदा हस्तलिखितात या वंशावळी नोंदलेल्या आहेत. पहिल्या घरच्या मुलाचा मुलगा म्हणजे तिसरा अब्द अल-रहमान, कोर्दोब्याचा पहिला खलिफा. निळे डोळे आणि तांबूस केस असलेला, आणि ते केस काळे रंगवणारा, असं त्याचं वर्णन सापडतं. दुसऱ्या घरची मुलगी म्हणजे तोदा अझ्नारेझ, पँप्लोनाची राणी. थोडक्यात, मुसलमानांचा खलिफा हा ख्रिस्ती राणीचा भाचा आणि ती त्याची आत्या, आई एक नि बाप वेगळे अशा नात्यातली.

तोदाच्या मुलीचा मुलगा सांचो लिऑनच्या गादीवर बसला. हा इतका लठ्ठ होता की त्याला घोड्यावर बसता येत नसे. घोड्यावर न बसणारा राजा म्हणजे त्या काळी हसण्याचा विषय. ९५८ मध्ये सरदारांनी त्याला हाकललं. सत्तरी ओलांडलेली आजी मग नातवाला घेऊन निघाली आणि गेली थेट कोर्दोब्याला, भाच्याच्या दारात. खलिफाच्या दरबारी हसदाई इब्न शप्रुत नावाचा यहुदी वैद्य आणि मुत्सद्दी होता. त्यानं सांचोला पथ्यपाण्यावर ठेवून त्याचं वजन उतरवलं. सांचो हलका झाला, खलिफाचं सैन्य सोबत घेऊन परतला आणि त्यानं गादी परत मिळवली. बदल्यात काही किल्ले देण्याचं कबूल केलं होतं. ख्रिस्ती राजा, यहुदी वैद्य, मुसलमान फौज, आणि या सगळ्यांना एका सूत्रात ओवणारी एक म्हातारी आत्या. धर्मयुद्धाच्या चौकटीत ही गोष्ट बसत नाही. माहेरच्या माणसांकडे मदत मागण्याच्या चौकटीत ती चपखल बसते.

## वाटणी आणि भाऊबंदकी

लग्नातून राज्यं जोडली जातात, तर मग ती मोठी का होत गेली नाहीत? कारण आपल्याकडे एकत्र कुटुंबाच्या शेताचं जे होतं, तेच तिथे राज्यांचं व्हायचं. बापानं आयुष्यभर तुकडे जोडायचे आणि मरताना मुलांत वाटून टाकायचे.

मोठा म्हणून ओळखला जाणारा पँप्लोनाचा सांचो (सहांतला पाचवा) १०३५ मध्ये वारला तेव्हा उत्तरेचा बराच मोठा पट्टा त्याच्या हाताखाली होता. कॅस्टील बायकोकडून आलेलं. वारसा मुलांत विभागला गेला. गार्सियाला पँप्लोना, फर्नांदोला कॅस्टील, अनौरस रामिरोला अरागॉनचा डोंगराळ तुकडा, धाकट्या गोन्सालोला त्याच्याही पलीकडचा. पुढे काय झालं ते भाऊबंदकी पाहिलेल्या कुणालाही सांगता येईल. फर्नांदोनं १०३७ मध्ये आधी सख्ख्या मेहुण्याला, लिऑनच्या बेर्मुदोला, लढाईत मारलं आणि बायकोच्या हक्कानं लिऑन घेतलं. १०५४ मध्ये अटापुएर्काच्या लढाईत भाऊ गार्सिया पडला. १०६३ मध्ये ग्राउसपाशी रामिरो मारला गेला. समोर फर्नांदोच्या मुलाची माणसं होती.

इतकं पाहूनही फर्नांदोनं मरताना काय केलं? १०६५ मध्ये तेच. थोरल्या सांचोला कॅस्टील, मधल्या आल्फोन्सोला लिऑन, धाकट्या गार्सियाला गॅलिसिया. उर्राका आणि एल्विरा या मुलींना राज्यातल्या मठांचं उत्पन्न, पण त्यांनी अविवाहित राहावं या अटीवर. ही अट दुष्टपणाची वाटते, पण तिच्यामागे हिशेब आहे. मुलगी सासरी गेली की तिचा वाटाही सासरी जाणार. अविवाहित राहिली तर तो घरातच राहतो.

आता गंमत पाहा. मोठ्या सांचोच्या चारांपैकी तीन मुलांनी आपापल्या एका मुलाला आजोबांचं नाव ठेवलं होतं. परिणामी थोड्याच दिवसांत कॅस्टीलचा सांचो, नवारचा सांचो आणि अरागॉनचा सांचो असे तीन चुलत भाऊ एकमेकांशी भिडले. इतिहासात या भांडणाचं नावच ‘तीन सांचोंचं युद्ध’. आजोबांनी वर बसून कोणाला आशीर्वाद द्यावा?

कॅस्टीलच्या सांचोनं सख्ख्या भावांनाही सोडलं नाही. दोघांची राज्यं त्यानं गिळली. मग १०७२ मध्ये झामोरा शहराला वेढा घालून बसला असता तोच मारला गेला. झामोरात त्याची बहीण उर्राका होती. हद्दपार झालेला मधला आल्फोन्सो परत आला, त्याला तिन्ही राज्यं मिळाली, आणि धाकट्या गार्सियाला त्यानं जन्मभर किल्ल्यात कोंडून ठेवलं. याच आल्फोन्सोनं, म्हणजे सहाव्या आल्फोन्सोनं, १०८५ मध्ये टोलेडो घेतलं. पुस्तकांत तो या विजयासाठी आहे. माझ्या मते त्याची खरी करामत त्याच्या जावयांत दिसते.

## जावयांचा देश

सहाव्या आल्फोन्सोनं बरीच लग्नं केली, पण मुलगा एकच झाला. त्याची आई झैदा ही सेव्हिलच्या मुस्लिम राजाची सून. मुलाचं नाव सांचो आल्फोन्सेझ. शेपटीवरून बाप ओळखताच. ११०८ मध्ये उक्लेसच्या लढाईत हा मुलगा गेला आणि गादीसाठी मुली उरल्या.

मुलींसाठी राजानं जावई बाहेरून आणले होते, फ्रान्सकडच्या बर्गंडीहून. औरस उर्राका रेमोंला दिली. अनौरस तेरेसा एन्रिकला दिली, आणि १०९६च्या सुमारास या जोडप्याच्या स्वाधीन मिन्यो नदीच्या दक्षिणेचा एक परगणा केला. परगण्याचं नाव पोर्तुकाले. लेकी-जावयाला निभावायला दिलेला प्रदेश, एवढीच त्याची किंमत होती.

जावई मेला, तेरेसा कारभार पाहू लागली. मुलगा मोठा झाला तो आईच्या विरोधात. ११२८ मध्ये गिमाराइशजवळच्या साँव मामेदच्या लढाईत त्यानं आईच्या फौजेला हरवलं आणि परगणा ताब्यात घेतला. पुढे तो स्वतःला राजा म्हणवू लागला. त्याचं नाव अफोन्सो एन्रिकेश. गोव्यात याच शेपटीचा उच्चार हेन्रिक्स होतो. एन्रिकचा मुलगा. त्या वेळी कॅस्टील-लिऑनच्या गादीवर उर्राकाचा मुलगा सातवा आल्फोन्सो होता, म्हणजे अफोन्सोचा मावसभाऊ. ११४३ मध्ये झामोरा इथे दोघांचं जमलं. पोपनं राजेपणावर शिक्का मारला ११७९ मध्ये. पोर्तुगाल हा देश असा दोन सावत्र बहिणींच्या मुलांमधल्या समझोत्यातून उभा राहिला. मुलीला आंदणात मुलूख देण्याची सवय त्या देशाची पुढेही गेली नाही. १६६१ च्या लग्नकरारात मुंबई दिली गेली, ती गोष्ट आपल्या ओळखीची.

## मामाची मुलगी, चुलत पुतणी आणि पोप

आता सोयरिकीच्या या यंत्रातला सर्वांत चमत्कारिक दाता. बाराव्या शतकाच्या अखेरीला इबेरियात पाच ख्रिस्ती राजघराणी होती: कॅस्टील, लिऑन, पोर्तुगाल, नवार, अरागॉन. बरोबरीचं स्थळ हवं तर याच पाचांत बघायचं. आणि चर्चचा नियम? सात पिढ्यांत एक जरी पूर्वज सामाईक निघाला, तरी लग्न निषिद्ध. आपल्या धर्मशास्त्रातला सपिंडाचा नियम आठवा: बापाकडून सात पिढ्या, आईकडून पाच. चर्चनं दोन्हीकडून सात धरल्या. सातव्या पिढीवर माणसाचे १२८ पूर्वज होतात. पाच घराण्यांत दोनशे वर्षं सोयरीक चालली, तर त्या १२८ नावांत ओळखीचं एक तरी निघणारच. म्हणजे जवळपास प्रत्येक राजेशाही लग्न जन्मतःच सदोष.

सदोष लग्नाचा एक फायदाही होता. हवं असेल तोवर कुणी पूर्वज मोजत नसे. नको झालं की मोजायला सुरुवात. राणी उर्राकानं, रेमों गेल्यावर, अरागॉनच्या आल्फोन्सोशी दुसरं लग्न केलं. ते विकोपाला गेलं तेव्हा दोघांचे आजोबा सावत्र भाऊ होते हे आठवलं आणि लग्न मोडलं. नातं काही लपलेलं नव्हतं. घटस्फोट नसलेल्या जगातली ही मागची खिडकी.

नवव्या आल्फोन्सोच्या बाबतीत मात्र खिडकी पोपनं उघडली, नवरा-बायकोनं नव्हे. लिऑनच्या या राजानं ११९१ मध्ये पोर्तुगालच्या तेरेसाशी लग्न केलं. ती त्याच्या मामाची मुलगी. महाराष्ट्रात बऱ्याच घरी यावर ‘घरातलंच स्थळ’ म्हणून पेढे वाटले असते. पोपनं लग्न मोडायला लावलं. तेरेसा मुलांना जन्म देऊन पोर्तुगालला परतली आणि लोर्वाँवच्या मठात गेली. मग ११९७ मध्ये त्यानं कॅस्टीलच्या बेरेंगेलाशी लग्न केलं. ती आठव्या आल्फोन्सोची मुलगी, म्हणजे याची चुलत पुतणी. दोन्ही राज्यांत सरहद्दीवरच्या किल्ल्यांचं जुनं भांडण होतं. या लग्नात ते किल्ले नवरीच्या नावे करून भांडण मिटवलं होतं. पोप तिसरा इनोसंट बधला नाही. १२०४ मध्ये, पाच मुलांना जन्म दिल्यावर, बेरेंगेला माहेरी आली. लग्न मोडलं, पण किल्ल्यांचा हिशेब उरला. तो १२०६ च्या कॅब्रेरोसच्या तहात लावला गेला, आणि तो तह लॅटिनऐवजी लोकांच्या बोलभाषेत लिहिला गेला. दरबारी कागदांत ती भाषा अशी फार लवकर उतरली ती किल्ल्यांच्या वाटणीसाठी, याचं मला नेहमी हसू येतं.

१२१७ मध्ये बेरेंगेलाचा धाकटा भाऊ, कॅस्टीलचा पोरसवदा राजा, पालेन्सियात खेळताना डोक्यात कौल पडून गेला. गादी बेरेंगेलाकडे आली. तिनं काय करावं? भावाच्या मृत्यूची बातमी पसरू दिली नाही. पूर्वीच्या नवऱ्याकडे असलेल्या थोरल्या मुलाला, फर्नांदोला, दुसरंच कारण सांगून बोलावून घेतलं. वायादोलिदमध्ये मुकुट स्वीकारला आणि तिथेच मुलाच्या हवाली केला. बापाला खरं कळलं तेव्हा तो फौज घेऊन पोराच्याच राज्यात घुसला. उपयोग झाला नाही.

रुसलेल्या बापानं लिऑन मग फर्नांदोऐवजी तेरेसाच्या मुलींना, सांचा आणि दुल्से यांना ठेवलं. १२३० मध्ये तो वारला. आता युद्ध ठरलेलंच होतं. दोन तरुण राण्या एकीकडे, सावत्र भाऊ दुसरीकडे, सरदार विभागलेले. तेव्हा दोन बायका एकत्र बसल्या: एक मठातून आलेली तेरेसा, दुसरी बेरेंगेला. एकाच पुरुषाच्या, पोपनं नाकारलेल्या दोन बायका. त्यांनी ठरवलं की लिऑन फर्नांदोला जाईल, आणि मुलींना मोठा वार्षिक तनखा मिळेल. बेनाव्हेन्तेच्या करारानं त्यावर शिक्कामोर्तब झालं. कॅस्टील आणि लिऑन त्या दिवसापासून पुन्हा वेगळी झाली नाहीत. फर्नांदोनं पुढे १२३६ मध्ये कोर्दोबा आणि १२४८ मध्ये सेव्हिल घेतलं. त्याचे पुतळे ठिकठिकाणी आहेत. दोघी सवतींच्या त्या बैठकीचं चित्र काढावं असं मात्र फारसं कुणाला सुचलं नाही.

दरम्यान चर्चनंही हार मानली होती. १२१५ च्या लॅटरन परिषदेत सात पिढ्यांची मर्यादा चारवर आणली गेली.

## मग पापडीतला फर्नांडिस?

शेपटांची ही प्रथा हळूहळू गोठली. बापाचं नाव बदललं तरी शेपूट तेच राहू लागलं आणि त्याचं आडनाव झालं. १५१० मध्ये गोवा आणि १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, तोवर फर्नांडिस म्हणवणाऱ्याचा बाप फर्नांदो असण्याची गरज उरली नव्हती. बाप्तिस्मा घेणाऱ्याला नाव मिळे ते बहुधा धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं. म्हणून पापडीतल्या फर्नांडिसांच्या कुळात कुणी फर्नांदो शोधू नये. शोधायचाच तर नांगरधारी किंवा नावाडी पूर्वज शोधावा.

सोयरिकीचं यंत्र मात्र थांबलं नव्हतं. गोवा घेतलं गेलं तेव्हा गादीवर असलेल्या मानुएल राजानं स्पेनच्या इसाबेल-फर्नांदोच्या दोन मुलींशी, एकीमागून एक, लग्न केलं आणि आपली मुलगी स्पेनला दिली. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी रिकामी पडली, तेव्हा या मुलीचा मुलगा, स्पेनचा दुसरा फिलिप, आईच्या नात्यावर हक्क सांगत आला. पुढची साठ वर्षं वसईचा किल्ला स्पेनच्या राजाचा होता, कारण त्याचं आजोळ लिस्बनला होतं. १७३९ मध्ये तो किल्ला मराठ्यांनी जिंकला. जिंकणाऱ्याचं कागदोपत्री नाव चिमाजी बल्लाळ, म्हणजे बाळाजींचा मुलगा.